अकरा वाजताचा समुद्र

एम.एस्सी.चा प्रबंध समुद्राच्या पाण्यावर करते आहे असं सांगितलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला. "समुद्र पाहाले नागपुरात कायले बसली तू?" विचारणाऱ्यांत विभागातले मित्र होते, काका होते आणि कॅम्पसबाहेरचा तर्री-पोहेवालाही होता. माझं उत्तरही ठरलेलं. उपग्रहाचं चित्र मुंबईच्या वर्सोव्यात उघडलं काय आणि अमरावती रोडवर उघडलं काय, ते तेच असतं. शिवाय पाण्याच्या प्रदूषणावर काम करणारी नीरी ही संस्था १९५८ पासून याच गावात आहे. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारी राज्याची एमआरसॅक आणि इस्रोचं विभागीय सुदूर संवेदन केंद्रही इथेच. समुद्र तेवढा सरळ रेषेत सातशे किलोमीटर लांब, एवढीच काय ती अडचण.

खरं तर तसेही आपण समुद्रापासून सुटलेलो नाही. अंबाझरी तलावातून निघालेली नाग नदी शहरातलं सांडपाणी घेत कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि तिथून सगळं बंगालच्या उपसागरात. आपली घाण दुसऱ्या किनाऱ्यावर उतरते, म्हणून ती आपल्या डोळ्याआड राहते.

प्रबंधाचा विषय माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एका वाक्यात दिला होता. "मालाडच्या खाडीतून बाहेर पडणारं पाणी किती लांब जातं आणि परत येतं का, ते उपग्रहावरून सांगता येतं का बघ." मालाडची खाडी म्हणजे एका बाजूला मढ, दुसऱ्या बाजूला वर्सोवा, आणि आत पश्चिम उपनगरांचं सांडपाणी. भरतीला समुद्र आत घुसतो, ओहोटीला खाडी बाहेर पडते, दिवसातून दोनदा. कागदावर हिशेब सोपा आहे. पाण्याचा वेग सेकंदाला सरासरी अर्धा मीटर धरला तर ओहोटीच्या सहा तासांत ते दहा किलोमीटरच्या वर जातं. पुढच्या सहा तासांत भरती त्यातलं बरंचसं परत आणून घालते. म्हणजे "समुद्रात सोडलं" याचा अर्थ "गेलं" असा होत नाही. किती गेलं आणि किती नुसतं येरझाऱ्या घालतं, हा प्रश्न होता.

उपग्रहाला प्रदूषण दिसत नाही, हे या कामात पहिल्याच आठवड्यात पक्कं होतं. त्याला रंग दिसतो. पाण्यातला गाळ प्रकाश विखुरतो, म्हणून गढूळ पाणी प्रकाशाच्या लाल आणि त्यापुढच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात उजळ दिसतं. शेवाळातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश खातं. कुजलेल्या पालापाचोळ्याचा आणि सांडपाण्याचा विरघळलेला पिवळसर अंश निळा प्रकाश खातो. औष्णिक पट्टा असलेल्या उपग्रहाला पृष्ठभागाचं तापमान कळतं, त्यामुळे वीजकेंद्रांचं गरम पाणी ओळखू येतं. कोलिफॉर्म जिवाणू, विरघळलेला प्राणवायू, जड धातू, औषधांचे अवशेष यांतलं काहीही अवकाशातून दिसत नाही. दिसतो तो त्यांच्या सोबतीनं वाहणारा गाळ. "उपग्रहानं टिपलं प्रदूषण" असे मथळे वाचले की मी आता आधी बघते की नेमकं काय टिपलं. बहुतेक वेळा चिखल असतो.

सुरुवातीचा सराव मी घरच्या पाण्यावर केला. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहजोडीची चित्रं फुकट मिळतात. पहिला २०१५ च्या जूनमध्ये गेला, दुसरा २०१७ च्या मार्चमध्ये, पहिल्याची जागा २०२५ मध्ये तिसऱ्यानं घेतली, आणि जोडी मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा बघते. तेरा पट्टे, त्यातल्या चारांत दहा मीटरचा पिक्सेल. अमेरिकेचे लँडसॅट-८ आणि ९ तीस मीटरचे, एकेकटे सोळा दिवसांनी येणारे. लँडसॅटचा साठा २००८ पासून सगळ्यांना मोकळा आहे, आणि माझ्यासारखीला हे काम करता येतं ते त्या एका निर्णयामुळे. अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा हे तलाव एकाच चौकटीत येतात, तेव्हा तिथेच हात बसवला. अंबाझरीवर जलपर्णी पसरली होती त्या काळातलं चित्र अवरक्त पट्ट्यात बघितलं तर तलावाचा तो भाग एखाद्या शेतासारखा दिसतो. पाणी जवळजवळ सगळा अवरक्त प्रकाश गिळतं, पानं तो परत फेकतात. तलावाची कड आणि जलपर्णीची कड वेगवेगळी काढता आली तेव्हा आता मुंबईकडे वळायला हरकत नाही असं मॅडम म्हणाल्या.

मुंबईचं पाणी मात्र अंबाझरीइतकं सरळ निघालं नाही.

उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोहोचतो त्यात पाण्यातून आलेला वाटा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. बाकी सगळं हवेचं: रेणूंनी विखुरलेला निळा प्रकाश, धूळ, धूर, बाष्प. ते वजा केल्याशिवाय पाण्याबद्दल एक अक्षर बोलता येत नाही. खोल समुद्रासाठी जुनी युक्ती अशी की, अवरक्त पट्ट्यात पाणी काळंच असतं असं धरायचं आणि तिथं जे काही उजळ दिसेल ते सगळं हवेच्या खात्यावर टाकायचं. मुंबईच्या किनाऱ्यावर ही युक्ती चालत नाही, कारण गाळामुळे पाणी स्वतःच अवरक्तात चमकतं. सॉफ्टवेअर ती चमक धूर समजून निळ्या पट्ट्यातूनही वजा करत जातं, आणि शेवटी निळ्या प्रकाशाचं परावर्तन शून्याच्या खाली येतं. उणे प्रकाश! असं उत्तर स्क्रीनवर बघितलं की निदान शंका तरी येते. उत्तर थोडंसंच चुकलेलं असतं तेव्हा काहीच कळत नाही, ते जास्त वाईट.

त्यासाठी बेल्जियममध्ये तयार झालेलं अकोलाइट हे सॉफ्टवेअर वापरलं. चित्रातल्या सगळ्यांत गडद जागा ते स्वतः शोधतं, मग ते पाणी असो की इमारतीची सावली, आणि त्यांवरून हवेचा हिशेब लावतं. मग गढूळपणा काढायचा. कमी गाळ असेल तर लाल पट्टा, जास्त असेल तर अवरक्त, आणि मधल्या टप्प्यात दोघांची सांगड. लाल पट्टा एका मर्यादेनंतर दमतो. गाळ दुप्पट झाला तरी त्याची उजळी फारशी वाढत नाही. हरितद्रव्यासाठी खुल्या समुद्रात निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर घेतात. ते इथं वापरलं तर गाळ आणि विरघळलेला पिवळा अंश यांनाच शेवाळ समजायची पाळी येते. हरितद्रव्याचा नाद मी लवकर सोडला.

रात्री फाइली उतरवायच्या, सकाळी कूलरसमोर बसून चाळायच्या, असा उन्हाळा गेला. जूनपासून सप्टेंबरपर्यंतची चित्रं उघडण्यात अर्थच नव्हता, सगळीकडे ढग. नद्या-नाले सर्वांत जास्त घाण आणतात त्याच काळात हे उपग्रह आंधळे असतात. एप्रिल-मेची चित्रं ढगाविना मिळतात, पण सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि लाटांवरून त्याचं प्रतिबिंब थेट उपग्रहाच्या डोळ्यात जातं. अख्खा समुद्र चांदीसारखा चकाकतो आणि पाण्याचा रंग त्याखाली हरवतो. उरले ते नोव्हेंबर ते मार्च. एक गंमत सांगते. सेंटिनेलचे पट्टे एकाच क्षणी टिपले जात नाहीत, त्यांच्यात सेकंदाच्या हिशेबात फरक असतो. त्यामुळे सांताक्रूझला उतरणारं विमान चित्रात लाल, हिरवं, निळं अशा वेगवेगळ्या जागी उमटतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी संगणक बिघडला म्हणून शेजारच्याला बोलावलं होतं.

हिवाळ्याचे नकाशे तयार झाले. ठाण्याच्या खाडीचा चिखल, माहीमच्या उपसागरातला फिकट पट्टा, उत्तरेला वसईकडून येणारा गढूळ लोट, सगळं छान दिसत होतं. मालाडच्या खाडीच्या तोंडाशी मात्र काही खास नव्हतं. कधी आत गढूळ आणि बाहेर नितळ, तर कधी सगळं सारखंच. त्या खाडीबद्दल जे ऐकलं-वाचलं होतं त्याच्याशी हे जुळेना. मॅडमनी नकाशांकडे बघितलं आणि एकच विचारलं, "भरती केव्हाची होती?"

मग मी भरती-ओहोटीचा तक्ता घेऊन बसले. या प्रबंधात मला जे सांगायचं आहे ते सगळं तिथून निघालं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

पाण्याचा रंग बारकाईनं टिपणारे हे उपग्रह सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतात. कुठल्याही जागेवरून ते दर फेरीला त्याच सूर्यवेळेला जातात, म्हणजे उजेड सारखा मिळतो. सेंटिनेल-२ मुंबईवरून आपल्या घड्याळात सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या आसपास जातो, लँडसॅट त्याच्या जरा आधी. नागपूर पूर्वेला असल्यामुळे इथून तो पावणेअकराच्या सुमारास जातो. उन्हाळा असो, हिवाळा असो, वेळ तीच.

भरती सूर्याला इतकी बांधलेली नाही, ती मुख्यतः चंद्राची. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. तेव्हा वाटतं की उपग्रह अकराला आला तरी वर्षभरात भरतीच्या सगळ्या अवस्था त्याच्या तावडीत येतील. तसं होत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, तेव्हा सूर्य आणि चंद्र एका रेषेत असतात, आणि त्यामुळे उधाणाच्या भरतीचं घड्याळ प्रत्येक बंदरात ठरून जातं. मुंबईत उधाणाची मोठी भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान लागते आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा. पावसाळ्यात पालिका भरतीचे इशारे देते त्या वेळा आठवा, त्या बहुधा दुपारच्याच असतात. मग उधाणाची ओहोटी केव्हा? सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी सहा-सातला. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हे उलटं होतं. भरती सकाळी सहाच्या पुढेमागे आणि ओहोटी दुपारी.

आता अकरा वाजून दहा मिनिटांना वरून बघणाऱ्याला काय दिसेल ते लावून पाहा. उधाणाच्या दिवशी त्याला नेहमी चढती भरती दिसणार, समुद्र खाडीत घुसत असलेला. ओहोटी संपत आलेली दिसलीच तर ती भांगाची. आणि या दोन ओहोट्यांमध्ये केवढा फरक आहे बघा. मुंबईच्या अपोलो बंदरावर उधाणाची सरासरी भरती ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर. म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त पाणी उतरतं. भांगाला भरती ३.३ आणि ओहोटी १.९, फरक दीड मीटरही नाही. खाडी खऱ्या अर्थानं रिकामी होते ती उधाणाच्या दुपारी, दीड ते साताच्या दरम्यान. तेव्हा उपग्रह केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. भांगाकडून उधाणाकडे जाणाऱ्या दिवसांत, सकाळी आठ-नऊला भरती असते तेव्हा, अकरा वाजता उतरतं पाणी सापडतं, पण ते मध्यम ताकदीचं. वर्षानुवर्षांची चित्रं जमवली तरी उधाणाची पुरी ओहोटी त्यांत एकदाही येणार नाही.

त्यावर आणखी एक भानगड. सेंटिनेल दर पाच दिवसांनी येतो, म्हणजे तीन फेऱ्यांचे पंधरा दिवस. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत सरासरी १४.७७ दिवस. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे! त्यामुळे आजच्या चित्रात भरतीची जी अवस्था आहे, जवळपास तीच तीन फेऱ्यांनंतर परत येते. पाव दिवसाच्याही आतला फरक. एका हिवाळ्यात भरमसाट चित्रं हाती आली तरी भरतीच्या तीनच अवस्था पुन्हापुन्हा बघत बसायचं. लँडसॅटचे सोळा दिवस इथं उपयोगी पडतात, तो प्रत्येक फेरीला सव्वा दिवसानं सरकतो. दिवसांची ही वजाबाकी मी वहीच्या मागच्या पानावर करत होते. ती जुळली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मॅडमना तेव्हाच फोन लावायचा मोह मी कसाबसा आवरला.

मुंबईला जायचं ठरलं ते यानंतर. विभागाच्या ओळखीतून वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका नाखव्यांशी बोलणं झालं. मी त्यांना फोनवर माझा सगळा हिशेब सांगितला, उपग्रहाची वेळ, उधाणाची वेळ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, खाडीची घाण बघायची तर उधाणाला पाच वाजता या. अकराला काय बघणार, तेव्हा दर्या आत येतो." ज्याला मला वहीची पानं लागली ते त्यांना जाळं टाकण्याच्या वयापासून माहीत होतं. तरी मला अकराही हवे होते आणि पाचही.

जानेवारीतली अमावास्या आणि सेंटिनेलची फेरी जवळजवळ लागून आल्या होत्या. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सीएसएमटी, तिथून लोकलनं अंधेरी. पिशवीत पाण्यातला प्राणवायू मोजायच्या तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बीओडी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडच्या कुप्या, गढूळपणा मोजायचं हातातलं यंत्र आणि दोरीला बांधलेली पांढरी-काळी सेकी तबकडी. ही तबकडी १८६५ मध्ये एका इटालियन पाद्र्यानं, अँजेलो सेकीनं, भूमध्य समुद्रात वापरली. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. उपग्रहाच्या जमान्यातही तिच्याइतकं प्रामाणिक उपकरण माझ्या पाहण्यात नाही.

अकराच्या सुमारास होडी तोंडाबाहेर उभी होती. वारा होता, पाणी हिरवट-तपकिरी, वर्सोव्याच्या मानानं बरंच म्हणायचं. तबकडी हातभर खाली जाऊनही दिसत होती. नमुने घेतले, प्राणवायू जागेवरच बांधून टाकायचा असतो म्हणून बाटलीत दोन्ही रसायनं घातली आणि बूच लावून उलटीसुलटी केली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. बसला. नाखव्यांच्या मुलानं वर आकाशात हात करून विचारलं, "आता गेला काय तो?" मी घड्याळ बघून हो म्हटलं. दोघंही वर बघत राहिलो, तिथं काही दिसणार नव्हतं हे माहीत असून.

मग दुपारभर किनाऱ्यावर. दीडनंतर पाणी थांबलं आणि हळूहळू उतरू लागलं. चारच्या पुढे होडी परत त्याच जागी आली तेव्हा पाण्याला ओढ लागली होती, नांगराची दोरी ताणून सरळ झाली होती. खाडीतून बाहेर येणारं पाणी राखाडी-काळं होतं, आणि त्याची समुद्राच्या पाण्याशी जिथं गाठ पडत होती तिथं फेसाची नि प्लॅस्टिकची एक लांब रेघ होती. अशा रेघा उपग्रहाच्या चित्रात शोधत मी महिने काढले होते. तबकडी वीतभर खाली जाताच नाहीशी झाली. बाटलीत रसायनं घातल्यावर साका जवळजवळ पांढराच राहिला. पांढरा म्हणजे त्या पाण्यात प्राणवायू नावालाही नाही. नाखवा म्हणाले, "या पाण्यात आता मासळी येत नाय, आम्ही लांब जातो." वास मी वर्णन करत नाही.

त्याच दिवसाचं सेंटिनेलचं चित्र नंतर उतरवून घेतलं. आकाश स्वच्छ, चित्र उत्तम. खाडीचं तोंड समुद्रासारखंच हिरवट. सकाळच्या यंत्राचे आकडे आणि चित्रातून काढलेले आकडे बऱ्यापैकी जुळले, म्हणजे उपग्रह खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेल्या वेळेचं खरं उत्तर तो देत होता. फक्त तेवढ्यावरून "खाडीच्या तोंडाशी पाण्याची प्रत समाधानकारक" असं कुणी लिहिलं, आणि खाली चित्र जोडलं, तर वाचणाऱ्याला काय कळणार? अहवालात चित्राची तारीख असते. भरतीची अवस्था लिहिलेली मला फार कमी ठिकाणी सापडली.

मग दुसऱ्या वेळेला येणारं कोण आहे ते शोधलं. आपला ओशनसॅट मालिकेतला ईओएस-०६ हा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, तो सूर्यवेळेनं दुपारी बाराच्या सुमारास बघतो आणि समुद्राच्या रंगासाठीच बनवलेला आहे. पण त्याचा पिक्सेल साधारण ३६० मीटरचा, मालाडच्या खाडीचं तोंड त्यात एक-दोन ठिपक्यांत संपतं. खुल्या समुद्रासाठी, मासेमारीच्या सल्ल्यासाठी तो उत्तम. दुपारी दोनच्या आसपास येणारे अमेरिकी उपग्रह आहेत, त्यांचा पिक्सेल आणखी मोठा. एकाच जागी टक लावून बघणारा भूस्थिर उपग्रह हवा. कोरियानं २०१० मध्ये तसा कॅमेरा वर पाठवला आणि स्वतःच्या किनाऱ्याची दर तासाला एक अशी दिवसातून आठ चित्रं घेतली. त्यात गाळ भरतीबरोबर आत-बाहेर जाताना प्रत्यक्ष दिसतो. आपल्या देशावर सतत नजर ठेवणारा ईओएस-०३ हा भूस्थिर उपग्रह १२ ऑगस्ट २०२१ रोजी उड्डाणातच गमावला. तो वर गेला असता तर माझा प्रबंध वेगळा झाला असता.

रडार उपग्रहाची गोष्ट तर आणखी चिडवणारी. सेंटिनेल-१ ढगांतून बघतो, रात्रीही बघतो, आणि त्याची कक्षा पहाटे-संध्याकाळची आहे. मुंबईवरून तो साडेसहाच्या आगेमागे जातो, म्हणजे उधाणाच्या ऐन ओहोटीला! उघडे पडलेले चिखलाचे पट्टे त्यात स्वच्छ दिसतात. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर बारीक लाटा दबतात आणि तिथं काळा डाग उमटतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तशा ढगाळ दिवसांत रडारचाच आधार. पण वारा अगदी पडला तर सगळा समुद्रच काळा दिसतो, आणि फार जोरात असला तर तवंग विसकटतो. शिवाय रडारला पाण्याचा रंग कळत नाही. रंग दिसतो तो वेळेवर येत नाही, वेळेवर येतो त्याला रंग दिसत नाही.

प्रवाहाचा वेग काढायचा एक प्रयत्न मात्र जमला. काही दिवशी लँडसॅट आणि सेंटिनेल दोघंही मुंबईवरून दहाएक मिनिटांच्या अंतरानं जातात. दोन्ही चित्रांत गढूळपणाची नक्षी तीच असते, जरा सरकलेली. पहिल्या चित्रातला छोटा चौकोन घ्यायचा आणि दुसऱ्यात तो कुठं सर्वांत चांगला जुळतो ते संगणकाला शोधायला लावायचं. सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल तर दहा मिनिटांत पाणी तीनशे मीटर सरकतं, म्हणजे लँडसॅटचे दहा पिक्सेल. ते पकडता येतं. बाहेरच्या समुद्रात बाण ओळीनं लागले, किनाऱ्याला समांतर. खाडीच्या तोंडाशी मात्र नक्षीच फिकट, बाण सैरावैरा. तेवढा भाग मी नकाशात पांढरा ठेवला. वेगाचं म्हणाल तर हा वेग पृष्ठभागाचा, त्या दहा मिनिटांचा. ऋतूनुसार किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह बदलतो, पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. भरतीची येरझार वजा केल्यावर शेवटी घाण कुठल्या दिशेला सरकते हे त्याच्यावरही ठरतं, आणि ते दोन चित्रांतून निघत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नकाशे भराभर उलटले आणि भरतीच्या आलेखावर थांबले. त्यावर मी प्रत्येक चित्राची वेळ लाल ठिपक्यानं दाखवली होती. ठिपक्यांची सगळी गर्दी एका बाजूला आणि खालचा कोपरा कोरा. "मग या कोऱ्या जागेत काय होतं ते कसं सांगाल?" त्यांनी विचारलं. मी नाखव्यांचं नाव न घेता पाच वाजताची बाटली सांगितली, पांढऱ्या साक्याचा फोटो दाखवला. "ती एक दुपार झाली. बाकीच्या?"

बाकीच्यांसाठी गणिती प्रारूप लागतं. खाडीचा तळ आणि भरतीची उंची दिली की संगणक चोवीस तासांचा प्रवाह काढतो, आणि अकरा वाजून दहा मिनिटांचं त्याचं उत्तर उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघता येतं. तिथं जुळलं तर पाच वाजताच्या उत्तरावर थोडा विश्वास ठेवता येईल. अडतं ते तळाच्या खोलीवर. नितळ पाण्यात खोलीही उपग्रहावरून काढतात, मालाडच्या पाण्यात ते शक्य नाही. त्यामुळे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा मागवायचा, त्यातले आकडे उतरवायचे, आणि आत जिथं होडीसुद्धा ओहोटीला टेकते तिथं दोरीनं मोजायचं. नाखवा तयार आहेत, भाडं आधी ठरवून. पुढच्या हिवाळ्यातले सकाळी आठ-नऊला भरती असणारे दिवस मी तक्त्यात काढून ठेवलेत. त्यातल्या कुठल्या दिवशी लँडसॅट येतो तेवढं जुळवायचं बाकी आहे.